उजव्या सोंडेचा क्रॉमवेल

श्रीरंग लाटकर आमच्या नात्यातले नव्हते. मंडळाच्या संक्रांतीला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी मला पहिल्याच वाक्यात वहिनी म्हटलं, म्हणून मी त्यांना भावजी म्हणू लागले. परदेशात नाती अशीच लागतात. त्यांचं वय तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस असेल, पण खुर्चीवर बसताना 'आई गं' म्हणून बसायचे. दिवसभर उभ्याचं काम. संध्याकाळी बुटांच्या नाड्या सैल करून मगच बसमध्ये चढायचे. न्यू जर्सीतल्या आयसेलिन गावी बहिणीच्या घरी तळघरातल्या एका खोलीत राहत. पहाटे उठून दोन पोळ्या आणि भाजी स्वतः करून डब्यात घेत. बहिणीने डबा दिला असता, पण तिचं तिला पुष्कळ होतं.

नोकरी मला त्यांनीच लावून दिली. शेजारच्या गावात मिस्टर केसलर नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं जुन्या छापचित्रांचं दुकान होतं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात शाई भरायची आणि कागदावर दाबून छापायचं, अशी दोन-दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं. भावजी ती तपासायचे. मी चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट कापायचे, तिला तिथे मॅट म्हणतात. आठवड्यातून तीन दिवस. मला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण पट्टी आणि सुरी यांना इंग्रजी लागत नाही.

मिस्टर केसलर भावजींना 'श्री' म्हणायचे. पूर्ण नाव त्यांच्या जिभेला वळत नसे. भावजी एकदा मला म्हणाले, "गंमत बघा वहिनी. मी त्यांना मिस्टर म्हणतो आणि ते मला श्री. दोघंही एकमेकांना नुसतं 'साहेब, साहेब' करतोय."

हे काम त्यांच्याकडे आलं कसं, ते सांगते. पुण्याला एका छापखान्याच्या ब्लॉक खात्यात त्यांनी चौदा वर्षं काढली होती. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र उठवायचं, ते उलटं उठलं की कागदावर सुलटं येतं. त्यामुळे उलटं वाचायची सवय इतकी, की आरशातलं वर्तमानपत्र ते धडाधड वाचून दाखवत. नवीन असताना एकदा लग्नपत्रिकेचा ब्लॉक करताना निगेटिव्ह उलटी लागली आणि गणपतीची सोंड उजवीकडे वळली. पाचशे पत्रिका छापून झाल्या. मुलीचे वडील पत्रिका हातात घेऊन छापखान्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "उजव्या सोंडेचा देव कडक. त्याचं सोवळं मला झेपायचं नाही, आणि जावयाला तर मुळीच नाही." सगळ्या पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून भावजींची डावी-उजवीची चूक कधी झाली नाही, असं ते स्वतःच सांगायचे.

मधल्या काळात तीन बहिणींची लग्नं, आईचं आजारपण. मग इथल्या बहिणीने कागद करून एकटं आणलं. एक्केचाळिसाव्या वर्षी सुट्टी काढून गेले आणि साताऱ्याच्या एका शाळेतल्या शिक्षिकेशी लग्न करून आले. सुलभा तिचं नाव. सव्वीस दिवस दोघं एकत्र राहिले. मग हे इकडे आणि ती तिकडे, व्हिसाची वाट बघत. तीन वर्षं. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोचा नंबर लवकर लागत नाही, हे लग्नाच्या आधी त्यांना कोणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. आम्ही विचारायचो, "काय म्हणतंय मुंबईचं ऑफिस?" ते म्हणायचे, "थांबा म्हणतंय." पुढेपुढे आम्ही विचारणंच सोडलं. विचारलं की त्यांना हसून उत्तर द्यावं लागे आणि ते हसू बघवत नसे.

दुकानात एक आख्खी भिंत इंग्लंडच्या राजकारणाची होती. वकील लोक ती चित्रं ऑफिसात लावायला नेत. राजा शिपाई घेऊन पार्लमेंटात घुसलाय आणि सभापती गुडघे टेकून त्याला 'नाही' म्हणतोय. एक आजारी उमराव भाषण करता करता कोसळलाय, चार जणांनी त्याला धरलंय. एका पंतप्रधानाला सभागृहाच्या दाराशीच गोळी घातलीय. मी मराठी शाळेत शिकलेली. आमच्या पुस्तकात इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि शेवटी गेले, एवढंच. त्यांच्या स्वतःच्या घरात काय काय भांडणं झाली, हे मला न्यू जर्सीत पुठ्ठे कापताना कळलं.

एका चित्रात मला गदा दिसली.

"भावजी, ही मारुतीची गदा इथे काय करते?"

"त्यांच्या सभागृहाची आहे ती. पुढ्यात ठेवली की सभा भरली, उचलली की संपली."

"म्हणजे आपल्या पूजेच्या कलशासारखं."

"तसंच समजा. हा मधला क्रॉमवेल. शिपायांना सांगतोय, हे खेळणं उचला इथून."

"गदेला खेळणं म्हणाला?"

"म्हणाला."

"मग त्याचं पुढे काही बरं झालं नसणार."

"मेल्यावर पुरलेला उकरून काढला आणि फासावर लटकवला."

"बघा," मी म्हटलं. भावजी खूप दिवसांनी मोकळं हसले.

क्रॉमवेलचं ते चित्र शहाऐंशीच्या उन्हाळ्यात एका लिलावाच्या गठ्ठ्यातून आलं होतं. त्या एका प्रसंगाची चित्रं पुष्कळ जणांनी कोरलेली. एकाने मेहनतीने कोरायचं आणि दुसऱ्याने त्याची नक्कल मारून स्वस्तात विकायचं, हा धंदा तेव्हाही होता. त्यामुळे अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, हे भावजींना सांगावं लागे. त्यांनी भिंग लावून रेघा पाहिल्या, कागद उजेडात धरला, पत्र्याच्या कडेची दाबखूण बोटाने चाचपली. कागद जुना होता, हात कसलेला होता. मागच्या बाजूला त्यांनी पेन्सिलने 'अस्सल' अशा अर्थाची त्यांची खूण केली आणि खाली सही. मिस्टर केसलरनी ते चित्र एका वकिलीच्या कॉलेजसाठी काढून ठेवलं. कॉलेज आपल्या नव्या दिवाणखान्यासाठी अशी आठ चित्रं घेणार होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी त्यांची गाडी यायची होती.

ऑगस्टच्या शेवटी साताऱ्याहून शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप आला. सुलभाला मुलाखतीची तारीख मिळाली होती, एकोणतीस सप्टेंबर. बरोबर नवऱ्याच्या मालकाचं ताजं पत्र लागणार होतं. काय काम करतो, पगार किती, नोकरी टिकणारी आहे का. मिस्टर केसलर म्हणाले, "दहा तारखेला, बुधवारी टाइप करून देतो, श्री. चांगलं लिहीन." बुधवारी टपालात पडलं तर ते वेळेत पोचणार होतं. त्या आठवड्यात भावजींनी नवा शर्ट घेतला. तो कोणाला दाखवायचा, हे त्यांनाही माहीत नसावं.

रविवारी गणेश चतुर्थी होती. मी सोमवारी दुकानात उकडीचे मोदक नेले, गार झालेले, पण प्रसाद म्हणून. मिस्टर केसलरच्या उजव्या हातात पेन्सिल होती. त्यांनी डावा हात पुढे केला. मी क्षणभर थांबले आणि दिला. आता त्यांना काय सांगायचं! इथे दुकानात सुटे पैसे देणारी मुलगीसुद्धा डाव्या हाताने देते, सुरुवातीला मला ते झोंबायचं, मग सवय झाली.

ते आत गेल्यावर मी भावजींना म्हटलं, "देवाच्या प्रसादालासुद्धा डावा हात. तुमच्या त्या चित्रातल्या शिपायासारखा."

"कुठल्या शिपायासारखा?"

"तो नाही का, गदा उचलतोय तो. आणि क्रॉमवेलही डाव्याच हाताने हुकूम सोडतोय. कागद देणारा डाव्याने देतोय, घेणारा डाव्याने घेतोय. मला मॅट कापतानाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला वाटलं, यांच्यात चालतं."

भावजींनी हातातला मोदक कागदावर ठेवला. रुमालाला बोटं पुसली आणि आतून ते चित्र काढून आणलं. भिंग घेतलंच नाही. लांबूनच बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तलवारी बघा."

सगळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला होत्या. उजव्या हाताने उपसायची तलवार माणूस डावीकडे बांधतो, एवढं मलाही कळतं. कोटाची बटणंसुद्धा बायकांच्या पोलक्यासारखी लागली होती. कोणीतरी अस्सल चित्र समोर ठेवून तसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं होतं, आणि छापल्यावर ते उलटं आलं होतं. सुलटं यावं म्हणून पत्र्यावर उलटं कोरण्याचे कष्टही त्या नक्कल करणाऱ्याने घेतले नव्हते.

"वहिनी," भावजी म्हणाले, "आपला क्रॉमवेल उजव्या सोंडेचा निघाला."

मला हसू आलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लगेच गेलं.

"चौदा वर्षं उलटंच बघितलं मी," ते म्हणाले. "माझ्या डोळ्याला उलटं खुपतच नाही. रेघा बघितल्या, कागद बघितला. माणसं बघितली नाहीत."

मी बघितली होती. पण मला वाटलं होतं, यांच्यात चालतं. मी हे कितीदा मनात म्हटलं असेल त्या दिवशी, सांगता येत नाही. एका शब्दाने बोलले असते तर सही व्हायच्या आधीच निभावलं असतं.

दुपारी डबा खाताना मी त्यांना म्हटलं, "भावजी, माझं ऐका. आज काही बोलू नका. बुधवारी पत्र हातात पडू दे, टपालात टाका. गुरुवारी सकाळी सांगा. गाडी शुक्रवारी येणार आहे. कॉलेजचं काही बिघडत नाही, आणि सुलभाचंही नाही."

ते कितीतरी वेळ पोळीचा तोच तुकडा चावत राहिले.

"तसं करता येईल," ते म्हणाले.

"करायचंच. यात खोटं काही नाही. दोन दिवसांचाच तर प्रश्न."

"हो."

मंगळवारी मी कामाला नव्हते. घरी स्तोत्र म्हणताना मधेच अडखळत होते, तेच ते कडवं पुन्हा म्हणत होते. देवाला काय मागावं हेही कळेना. गप्प राहायची बुद्धी दे म्हणून कोणी मागतं का?

बुधवारी दुपारी मिस्टर केसलरनी पत्र टाइप केलं आणि सही करण्याआधी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. चांगल्या मनाचा माणूस. इंग्रजीतलं मी माझ्या शब्दांत सांगते. श्रीरंग लाटकर नऊ वर्षं माझ्याकडे आहेत, जुन्या छापचित्रांची पारख करतात. त्यांच्या नजरेवर मी डोळे मिटून विसंबतो. हे वाचून त्यांनी चष्म्यावरून भावजींकडे पाहिलं, शाबासकी द्यावी तसं. पेनचं टोपण काढलं.

"मिस्टर केसलर, एक मिनिट थांबा," भावजी म्हणाले.

मी मान हलवली. नका, नका. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. आत जाऊन चित्र आणलं, टेबलावर त्या पत्राच्या शेजारी ठेवलं आणि क्रॉमवेलच्या हातावर बोट ठेवलं. मग तलवारींवर. मग पाठीमागच्या स्वतःच्या सहीवर. दोन-तीन वाक्यांत सांगून झालं. इंग्रजी चांगलं नव्हतं त्यांचं, पण त्या दिवशी कुठे अडखळले नाहीत.

मिस्टर केसलरनी पेनचं टोपण परत लावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "कॉलेजला मी शब्द दिला होता, श्री." मग त्यांनी ते पत्र बाजूला सारलं, टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला आणि पुन्हा टाइप केलं. या वेळी वाचून दाखवलं नाही. तिथल्या तिथे सही करून दिलं. नऊ वर्षं माझ्याकडे आहेत, मॅट कापणं आणि चौकटी बसवणं हे काम करतात, पगार अमुक. चार ओळी. पगार कमी केला नाही, हे त्यांचं मोठेपण. पण त्या दिवसापासून पारखीचं भिंग भावजींच्या टेबलावर आलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी उभे राहून पुठ्ठे कापायला लागले.

बसस्टॉपवर मी त्यांच्यावर चिडले. "एक दिवस. एकच दिवस थांबायचं होतं. तिकडे ती बिचारी तीन वर्षं थांबलीय आणि तुम्हाला एक दिवस थांबता आलं नाही?"

"मी थांबणारच होतो, वहिनी. पण ते वाचून दाखवत होते ना. 'डोळे मिटून' म्हणाले." नाड्या सैल करायला ते खाली वाकले. "ते ऐकून घेऊन पत्र खिशात घालायला हात पुढे होईना."

मला तेव्हा हे पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता, आणि माझा स्वतःचाही.

पत्र वेळेवर पोचलं. आम्हाला वाटलं, सुटलो. एकोणतीस तारखेला सुलभा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला गेली. खिडकीपलीकडच्या गोऱ्या बाईने विचारलं, नवरा काय करतो? सुलभाने ताठ मानेने सांगितलं, ते जुन्या चित्रांची पारख करतात, खरं कोणतं नि खोटं कोणतं ते सांगतात. तीन वर्षं पत्रांतून तिने हेच वाचलं होतं. पहिल्या अर्जातही तेच लिहिलं होतं. मालकाच्या पत्रात मात्र मॅट कापणारा. बाईने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खुलासा मागितला. फाइल बाजूला गेली.

भावजींनी सुलभाला मधे पत्र लिहिलं होतं. हवापाणी, तब्येत, गणपतीचे मोदक. बाकी काही नाही.

"लिहिलं का नाहीत तिला?" मी विचारलं.

"काय लिहू? नवऱ्याला पारख नाही म्हणून?"

मग पुन्हा मिस्टर केसलरकडे जाणं आलं. या वेळी खुलाशाचं पत्र मागायचं होतं, काम का बदललं त्याचं. भावजी दोन आठवडे रोज ठरवायचे आणि रोज राहून जायचं. दिवाळी त्यातच गेली. शेवटी एका सकाळी कोटसुद्धा न काढता ते सरळ आत गेले. मिस्टर केसलरनी जे घडलं ते लिहून दिलं. या माणसाने एका चित्राची चुकीची पारख केली, म्हणून मी ते काम त्याच्याकडून काढून घेतलं. चूक त्याची त्यानेच मला दाखवली, कोणी विचारलं नसताना. सही, शिक्का. भावजींनी ते माझ्याकडे वाचायला दिलं. वाचून मी परत दिलं.  माणूस आयुष्यभर चांगल्या वर्तणुकीचे दाखले जमवतो, आणि यांना बायको आणायला स्वतःच्या चुकीचा दाखला समुद्रापार पाठवावा लागत होता. त्यांनी पाकिटाला थुंकी लावली, मग ओलं फडकं आणून ती पुसली आणि डिंकाने चिकटवलं.

फाइल पुन्हा वर यायला हिवाळा गेला. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात सुलभा आली. आम्ही दोघं नवरा-बायको मंडळातल्या राजीवच्या गाडीतून भावजींना विमानतळावर घेऊन गेलो. एवढ्या वर्षांत दोघंही बदललेले. ती फोटोपेक्षा बारीक, यांचे केस गेलेले. हार आणला होता तो भावजींनी तिच्या हातातच दिला, गळ्यात घालायचा धीर झाला नाही.  गाडीत तिला झोप येत होती, पण ती ताठ बसून होती.

बहिणीने वरची खोली रिकामी करून दिली होती. मी डबा घेऊन गेले होते, तो उघडत असताना सुलभाने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि पलंगावर ठेवला. मुंबईच्या खिडकीवर तिने मिस्टर केसलरच्या त्या खुलाशाच्या पत्राची नक्कल मागून घेतली होती.

"हे तुमचं आहे," ती म्हणाली.

भावजींनी कागद ओळखला. कान लाल झाले.

"मी इंग्रजीच शिकवते शाळेत," ती म्हणाली. "हे तुम्हीच मला लिहिलं असतंत तर मी तिथे नीट उत्तर दिलं असतं. आठ महिने वाचले असते."

"लाज वाटली."

"माझी?"

 भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याचं झाकण पुसत राहिले. नवरा-बायकोत मी काय बोलू?

सुलभाने चपला काढल्या, पलंगाच्या कडेला बसली आणि सुजलेले पाय वर घेतले. "तिथे त्या बाईने ते वाचलं," ती डोळे मिटूनच म्हणाली, "आणि पुढचं काही विचारलंच नाही. शिक्का मारला." मग थोड्या वेळाने, "मला आता झोपू द्या. उठल्यावर भांडू."

ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. भावजींनी दुकानात फोन करून सुट्टी घेतली, नऊ वर्षांत दुसऱ्यांदा, आणि ती उठेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिले.